वर्ध्याचा घाणा आणि ऑलिव्हची बाटली

१/ 'तेल' या शब्दात तीळ दडलेला आहे. तिळापासून निघते ते तैल, असा मूळ संस्कृत अर्थ. इंग्रजी 'ऑइल' शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'ओलेउम' आहे आणि त्याच्याही मागे ग्रीक 'एलाइआ', म्हणजे ऑलिव्हचे झाड. ज्या समाजाच्या शिवारात जे पिकले, त्याचेच नाव त्याने साऱ्या तेलांना देऊन टाकले. आजचा धागा या दोन शब्दांमधल्या अंतराविषयी आहे. या अंतरातला एक महत्त्वाचा मुक्काम वर्ध्यात आहे.

२/ मराठीला ऑलिव्ह अगदीच अपरिचित नव्हते. मराठी बायबलमध्ये त्याला 'जैतून' म्हटले आहे. हा शब्द मूळचा अरबी. येशू शिष्यांसह जात असे तो 'जैतुनांचा डोंगर' मराठी ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. त्याच डोंगराच्या पायथ्याशी गेथशेमाने ही बाग आहे. या नावाचा अर्थ होतो तेलाचा घाणा. वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची प्रार्थना झाली ती एका तेलघाण्याच्या आवारात, हे मराठी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही.

३/ मात्र शब्द आला तरी झाड आले नाही. त्याचे कारण हवामानात आहे. ऑलिव्हला हिवाळ्यात पाऊस आणि उन्हाळ्यात कोरडेपणा लागतो. फुलोरा धरण्यासाठी हिवाळ्यात काही आठवडे चांगली थंडी लागते. मुळांशी पाणी साचलेले त्याला मुळीच सोसत नाही. वर्ध्याची काळी, चिकण जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि खरी थंडी चार दिवसांची पाहुणी असते. कपाशीला जी माती आई आहे, ती ऑलिव्हला सावत्र ठरते.

४/ भारतात ऑलिव्हचा मोठा सरकारी प्रयोग झाला तो राजस्थानात. २००७ मध्ये इस्रायली तंत्रज्ञांच्या सहकार्याने त्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि २०१४ मध्ये बिकानेर जिल्ह्यातील लुणकरणसर येथे तेल काढण्याचा कारखाना सुरू झाला. पाण्याचा निचरा करणारी वाळवंटी जमीन, थंड रात्री आणि ठिबक सिंचन यांमुळे तेथे हे धाडस करता आले. विदर्भात ऑलिव्ह पोहोचले ते झाड म्हणून नव्हे, बाटली म्हणून. आधी औषधांच्या दुकानात बाळाच्या मालिशीसाठी, मग मॉलच्या फळीवर स्वयंपाकासाठी.

५/ आता आपल्या तेलाकडे वळू. महाराष्ट्रात तेल गाळणाऱ्यांचा संघटित व्यवसाय किती जुना आहे? नाशिकच्या लेण्यांमध्ये आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील, एक शिलालेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी काही रक्कम निरनिराळ्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून दिल्याचे त्यात नोंदले आहे. त्या श्रेणींमध्ये 'तिलपिषक', म्हणजे तेली, आहेत. लोकांनी विश्वासाने ठेवी ठेवाव्यात इतकी पत तेल्यांच्या संघटनेला सतराशे वर्षांपूर्वी होती.

६/ दुसरी कथा कोकणातली. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले, असे बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. या समाजाने तेल गाळण्याचा व्यवसाय धरला आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. ज्यांच्या धर्मग्रंथांत जैतुनाचे तेल दिव्यात जळते आणि राजाच्या मस्तकी ओतले जाते, त्यांच्या वंशजांनी महाराष्ट्रात येथल्याच तेलबिया गाळल्या. देश बदलला की तेल बदलते. घाणा मात्र माणसाबरोबर येतो.

७/ वर्ध्याच्या शिवारातले तेल कोणते? तीळ, करडई, भुईमूग हे होतेच; पण या भागाची खरी ओळख जवस. खरिपानंतर काळ्या जमिनीत उरलेल्या ओलीवर रब्बीत येणारे हे निळ्या फुलांचे पीक आहे. पावसाळ्यात ऑलिव्हची मुळे कुजवणारी हीच जमीन हिवाळ्यात जवसाला पाणी न देता पोसते. जे काळ्या मातीचे वैगुण्य वाटते, तेच येथे तिचे वैभव आहे.

८/ या तेलाची चव ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना ती सांगायला नको. भाकरीवर ठेचा आणि त्यावर कच्च्या तेलाची धार. झुणक्याच्या मधोमध बोटाने केलेले आळे आणि त्यात तेल. गोळाभातावर मोहरीची चरचरीत फोडणी ओतली की पानावर पसरणारा वास. नागपूरच्या सावजी रस्स्याला परंपरेने जवसाचेच तेल. पावाच्या तुकड्यावर ताजे ऑलिव्ह तेल ओतून वर मीठ भुरभुरवणारा इटलीचा शेतकरी आणि भाकरीवर तेल-तिखट घेणारा आर्वीचा शेतकरी एकमेकांशेजारी जेवायला बसले, तर दोघांनाही एकमेकांचे ताट परके वाटणार नाही.

९/ जवसाच्या तेलाचा एक स्वभाव मात्र वेगळा आहे. ऑलिव्ह तेलात ओलिक आम्लाचे प्रमाण ५५ ते ८३ टक्के असते. हे आम्ल हवेला सहजी बधत नाही, म्हणून बंद बाटलीत, अंधारात ते तेल वर्षभर टिकते. जवसाच्या तेलात साधारण निम्मा वाटा ओमेगा-३ गटातील आम्लाचा असतो. ते हवेतला प्राणवायू चटकन घेते. म्हणून हे तेल लवकर खवट होते आणि पातळ थर दिला तर वाळून कडक होते. युरोपने त्यापासून रंग, वॉर्निश आणि लिनोलियम बनवले ते याच गुणामुळे.

१०/ या रसायनशास्त्रातून एक समाजशास्त्र जन्मले. जे तेल साठवता येत नाही, ते जवळच आणि वरचेवर गाळावे लागते. म्हणून गावोगाव तेली हवा. शेतकरी आपले जवस घेऊन जाई, तेली गाळून देई. तेल घरी येई, ढेप गोठ्यात जाई. ऑलिव्हच्या मुलुखातही असेच आहे. तोडलेले फळ एक-दोन दिवसांत गाळले नाही तर आंबू लागते आणि तेल बिघडते. म्हणून तेथेही घाणा बागेजवळच लागतो. दोन्ही ठिकाणी चांगले तेल म्हणजे जवळचे तेल.

११/ घाण्याची रचना नव्या वाचकांसाठी थोडक्यात. टणक लाकडाचे किंवा दगडाचे उखळ, त्यात तिरपी फिरणारी जाड लाट, लाटेला जोडलेली आडवी फळी, फळीवर दगडांचे वजन आणि तिला जुंपलेला, डोळ्यांवर झापडे बांधलेला बैल. बी भरडले जाते, मग थोडे पाणी शिंपडतात, म्हणजे तेल सुटून एकत्र येते आणि भुकटी कडेला ढेप होऊन बसते. गती इतकी मंद की तेल फारसे तापत नाही. 'घाण्याचा बैल' हा वाक्प्रचार आपण कष्टाच्या अर्थाने वापरतो. त्या फेऱ्यांत एक चोख तंत्रही होते.

१२/ ही व्यवस्था मोडू लागली ती रेल्वेने. जीआयपी रेल्वे १८६७ मध्ये वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस थेट मुंबई बंदराला जोडला गेला. कापसाबरोबर मध्य प्रांताचे जवसही पोत्यांतून परदेशी निघाले. बी गेले म्हणजे तेल गेले आणि ढेपही गेली. पुढे तेलाच्या गिरण्या आल्या. गावचा तेली आधी कच्च्या मालाला मुकला आणि नंतर गिऱ्हाइकाला.

१३/ आता या कथेत मोहनदास गांधी येतात, तेही हातात ऑलिव्ह तेल घेऊन! १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ हर्मन कालेनबाख यांच्या ११०० एकर जमिनीवर 'टॉलस्टॉय फार्म' वसले. तेथे गांधी आणि कालेनबाख यांनी फलाहाराचा प्रयोग केला. कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबे आणि ऑलिव्ह तेल हा त्यांचा नेहमीचा आहार होता, असे गांधींनी आत्मकथेत नोंदवले आहे. गरिबांतल्या गरिबासारखे जगावे, ही त्यामागची आकांक्षा होती, हेही त्यांनी तेथेच सांगितले आहे.

१४/ १९१४ मध्ये ते लंडनला गेले तेव्हाही हाच आहार चालू होता. तेथे त्यांना प्लुरसीने गाठले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी डॉ. जीवराज मेहतांचा सल्ला मानावा म्हणून आग्रह धरला. गांधींनी रात्रभर विचार करून दुधाला नकार दिला. शेंगदाणे, केळी, लिंबू, टोमॅटो, द्राक्षे आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावर ते राहिले. गुरूचे मन मोडले, पण व्रत मोडले नाही.

१५/ येथे एक विसंगती आहे आणि ती टाळून पुढे जाऊ नये. गरिबांसारखे जगण्याच्या आहारात ऑलिव्हचे तेल! भारतातल्या कोणत्या गरिबाच्या घरी ते होते? हा प्रश्न टॉलस्टॉय फार्मवर सुचण्याजोगा नव्हता, कारण भोवती भारतीय खेडे नव्हते. वर्ध्याला आल्यावर मात्र तो टाळता येणे शक्य नव्हते. गांधींच्या आहारविचारातला मोठा बदल मला येथे दिसतो. 'माझ्या शरीराला काय मानवते?' या प्रश्नाशेजारी 'माझ्या गावात काय पिकते आणि ते कोण तयार करते?' हा दुसरा प्रश्न येऊन बसला.

१६/ १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. अध्यक्ष वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू, चिटणीस जे. सी. कुमारप्पा. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि घर संघाला दिले. गांधींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून त्या जागेला 'मगनवाडी' म्हणू लागले. १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, जाईपर्यंत गांधींचा मुक्काम येथेच होता. हातसडीचा तांदूळ, जात्याचे पीठ, गूळ, हातकागद, मधमाश्या आणि घाण्याचे तेल हे संघाचे विषय.

१७/ मगनवाडीत तेलाचे काम झवेरभाई पटेल यांनी अंगावर घेतले. जुन्या घाण्यात एका वेळी थोडेच बी मावे, बैलाला ओढ फार पडे आणि ढेपेत बरेच तेल राहून जाई. गावच्या सुताराला बनवता आणि दुरुस्त करता येईल, पण काम अधिक देईल असा घाणा घडवायचा, हे त्यांचे उद्दिष्ट होते. त्यातून जे सुधारित रूप सिद्ध झाले, ते देशभर 'वर्धा घाणी' या नावाने ओळखले गेले. तेलघाणीवर त्यांनी पुस्तिकाही लिहिली. एखाद्या यंत्राला वर्ध्याचे नाव मिळाल्याचा हा प्रसंग वर्धेकरांनीच विसरून जावा, ही खेदाची गोष्ट आहे.

१८/ कुमारप्पांचा युक्तिवाद मुळातून समजून घेण्यासारखा आहे. हा गृहस्थ तमिळ ख्रिस्ती, व्यवसायाने हिशेबनीस, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला. येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिणारा. त्याचा हिशेब साधा होता. गिरणी गावातून बी नेते आणि फक्त तेल परत विकते. घाणा गावातच असेल तर तेल माणसाला, ढेप जनावराला, जनावराचे शेण शेताला आणि मजुरी तेल्याला मिळते. ज्याच्या धर्मग्रंथात जैतुनाचे तेल पानोपानी आहे, तो मनुष्य वर्ध्यात गावच्या घाण्यासाठी झगडत होता.

१९/ विरोधकांचे म्हणणेही वजनदार होते. घाण्याच्या ढेपेत साधारण १० ते १२ टक्के तेल उरते, एक्स्पेलरच्या ढेपेत ६ ते ८ टक्के आणि द्रावक वापरणाऱ्या कारखान्यात जेमतेम १ टक्का. तेलाचा तुटवडा असलेल्या देशाने एवढे तेल बैलाच्या दावणीत का घालावे? कुमारप्पांच्या विचारसरणीचे उत्तर असे की बैल खातो ते वाया जात नाही. पण बैल नसलेल्या शहरी गिऱ्हाइकाला या उत्तराचा काही उपयोग नव्हता. त्याला स्वस्त तेल हवे होते आणि ते गिरणीच देऊ शकत होती.

२०/ त्याच काळात तिसरा गडी मैदानात उतरला: वनस्पती तूप. १९३० च्या दशकात मुंबईत त्याचे कारखाने निघाले आणि १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आले. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचे आणि तुपाच्या रूपात विकायचे. गांधींनी 'हरिजन'मधून याविरुद्ध लिहिले. तरीही मध्यमवर्गाच्या फळीवर पिवळा डबा आला आणि तेल्याच्या दारातली कासंडी कमी झाली. तेल गेले, तूप गेले, अशीच घराची गत झाली.

२१/ सर्वांत चटका लावणारी गोष्ट सोयाबीनची. १९३५ मध्ये मगनवाडीत गांधींनी सोयाबीन खाऊन पाहण्याचा प्रयोग केला होता. गरिबाला स्वस्त, सकस अन्न मिळावे म्हणून. आज वर्धा जिल्ह्यात सोयाबीन कपाशीच्या बरोबरीने दिसते. पण ते येथल्या ताटात फारसे येत नाही, कारखान्यात जाते. तेथे द्रावकाने तेल निघते, ते शुद्ध होऊन पिशवीत परत येते आणि पेंड दूरच्या कुक्कुटखाद्यात जाते. ज्या मगनवाडीने हे पीक ताटात आणू पाहिले, तिच्याच परिसरात ते कुमारप्पांच्या हिशेबाच्या नेमके उलट दिशेने वाहते आहे.

२२/ ऑलिव्हच्या मुलुखातही यंत्रे आली, बैल-गाढवे गेली. मग तेथे छोट्या गावचे तेल कसे तगले? त्यांनी गुणवत्तेला कायद्याचे नाव दिले. 'एक्स्ट्रा व्हर्जिन' म्हणजे केवळ यांत्रिक पद्धतीने, रसायन व जादा उष्णता न वापरता काढलेले आणि आम्लता ०.८ टक्क्यांहून अधिक नसलेले तेल. १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषद निघाली, तिचे कार्यालय माद्रिदला. १९९२ पासून युरोपात गावाच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. यंत्र बदलले, पण 'हे तेल कोठले?' हा प्रश्न त्यांनी पुसू दिला नाही.

२३/ आता वर्ध्यातल्या कोणत्याही मोठ्या दुकानात जाऊन ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचा. थंड पद्धतीने काढलेले, शुद्धीकरण न केलेले, अमुक प्रदेशातले. हे सारे गुण मगनवाडीतले कार्यकर्ते १९३५ मध्ये घाण्याच्या तेलाबद्दल सांगत होते. तेव्हा ते मागासलेपण ठरले. आज तेच गुण परदेशी बाटलीवर छापून आले की आपण चौपट-पाचपट पैसे मोजतो. शेजारच्या फळीवर 'लाकडी घाणा' लिहिलेले तेलही दिसते. ते पाहून आनंद होतो. पण पूर्वीच्या तेल्याच्या किती नातवंडांना त्या भावातला वाटा मिळतो, हा प्रश्न मनातून जात नाही.

२४/ याचा अर्थ ऑलिव्ह तेल वाईट, असा कोणी काढू नये. ते उत्तम तेल आहे; खुद्द गांधींनी ते आवडीने खाल्ले. जुना घाणा जसाच्या तसा परत आणावा, असेही नाही. त्या फेऱ्यांत बैलाचे आणि माणसाचे हाल होते, आणि जातीने नेमून दिलेल्या धंद्याचा काचही होता. आपल्या तेलाला नाव, दर्जा आणि भाव मिळवून देण्याचे काम आपण केले नाही, एवढेच म्हणायचे आहे. याच जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीसाठी जे जमले, ते जवसासाठी अशक्य का असावे?

२५/ गांधींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडलेले मगन संग्रहालय वर्ध्यात आजही उभे आहे. सेवाग्रामची कुटी पाहून परतणाऱ्या पुष्कळांची पावले तिकडे वळत नाहीत. पुढच्या खेपेस अवश्य वळवा. ग्रामोद्योगांची ती साधने पाहताना मगनवाडीचा प्रश्न आठवावा: तेल कोणाच्या शिवारातले, ढेप कोणाच्या गोठ्यात आणि पैसा कोणाच्या पदरात? नव्वद वर्षे झाली, प्रश्न शिळा झालेला नाही. जवसाचे तेल मात्र लवकर खवट होते, म्हणून त्याच्या आठवणी वेळीच नोंदवायला हव्यात.

२६/ आपल्या गावात घाणा कोठे होता, तेल कशाचे निघे, तो कोणत्या साली बंद पडला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून खाली जरूर लिहा. गावाचे नाव आणि तेलाचे नाव, एवढे दिले तरी पुरे. तेल्याच्या घाण्याचा इतिहास सरकारी कागदांत थोडा आणि लोकांच्या आठवणीत अधिक आहे. धागा येथे पुरा करतो.